वेशीवर सांगायचे नाव

त्या प्रदेशात प्रत्येकाला आपले नाव स्वतःच्या तोंडाने सांगावे लागे.

नदीच्या काठाने एकाखाली एक गावे वसलेली होती आणि प्रत्येक गावाला वेस होती. वेशीच्या दगडावर पाय ठेवणाऱ्याला राखणदार एकच प्रश्न विचारी, "कोण?" त्यावर जे नाव सांगितले जाई, त्याच नावाने तो पक्षी किंवा ते जनावर त्या गावात ओळखले जाई. लिहून दाखवलेले चालत नसे. दुसऱ्याने सांगितलेले चालत नाही असाही नियम होता, पण घाईच्या वेळी राखणदार तो फारसा पाळत नसत. नदीतून गुपचूप निघून जावे म्हटले, तर वेशीखाली पाण्यात वेताच्या जाळ्या सोडलेल्या असत.

हा नियम कोणाला जाचक वाटत नसे. कोणी "कोण?" म्हणायच्या आत नाव सांगून मोकळे होई, कोणी चालता चालता मागे टाकल्यासारखे सांगून जाई. नाव सांगण्यात काही कष्ट असतात, हे तिथे बहुतेकांना माहीतच नव्हते.

बांधाच्या गावात एक पाणमांजर राहत होती. गाव तिला नीरा म्हणे. गावाच्या वरच्या अंगाला जुना मातीचा बांध होता, त्याला पाण्याखाली खेकड्यांनी बिळे पाडलेली असत. नीरा बुडी मारून ती बिळे शोधी आणि चिकणमातीने बुजवी. हे काम पाण्याखालचे असल्यामुळे त्यात बोलावे लागत नसे, आणि ते तिने त्याच कारणासाठी पत्करले होते.

तिचे खरे नाव पुलिना.

अकरा वर्षांपूर्वी, नुकतीच वयात आलेली असताना, ती पहिल्यांदा या वेशीवर आली तेव्हा राखणदाराने विचारले होते, "कोण?" नाव छातीतून निघाले आणि ओठांपाशी येऊन थांबले. ओठ मिटले ते मिटूनच राहिले. मान ताठ झाली, डोळे मिटले गेले, आणि आतला आवाज बंद दारावर डोके टेकून उभा राहिला. मागे रांग वाढत होती. कोणीतरी खाकरले. तेवढ्यात, आपणही चकित व्हावे इतक्या सहजपणे, तिच्या तोंडून शब्द निसटला, "नीरा." वेस उघडली. ती आत गेली.

त्या दिवसापासून तिने वाट चुकवण्याची कला शिकून घेतली. कोणते शब्द अडतील हे तिला चार शब्द आधीच दिसे, आणि त्यांच्या अलीकडेच ती दुसरीकडे वळे. 'पाणी' अडे, म्हणून ती 'जळ' म्हणे. 'पाऊस' अडे, म्हणून 'वर्षा' म्हणे. त्यामुळे गावात तिचा असा लौकिक झाला, की ही बाई बरीच शिकलेली आहे, फक्त थोडी शिष्ट आहे. बाजारात तिला पेरू हवा असे. ती "बोरं द्या" म्हणे आणि बोरे घेऊन घरी येई. अकरा वर्षांत सगळ्या गावाला ठाऊक झाले होते, की नीराताईंना बोरे फार आवडतात. सणासुदीला शेजारपाजारचे आठवणीने द्रोण भरून बोरे पाठवत. ती हसून घेई आणि एकटीच बसून एक एक खाई. बोरे तिला मुळीच आवडत नव्हती.

एकदा मोठ्या पुरानंतर ती तीन दिवस बांधाच्या पलीकडच्या टोकाला कामात होती. चौथ्या दिवशी दुपारी ती परतली तेव्हा वेशीवरच्या साळुंकीने तिला हाक मारून थांबवले. ही साळुंकी प्रेमळ होती आणि बोलकी होती. समोरच्याचे वाक्य आपणच पुरे करून टाकणे ही तिला मदत वाटे.

"अहो नीराताई, तुम्ही नव्हतात, काय गंमत झाली सांगू! परवा नाही, त्याच्या आदल्या दिवशी एक म्हातारा आला. तुमच्यातलाच, पाणमांजर. 'कोण?' म्हटलं तर 'क, क, क' करत राहिला. बरं, ते कसंबसं झालं. मग म्हणतो, मला भेटायचंय. कोणाला, तर 'प, प'. मी म्हटलं, पारूला? पिंगळाबाईंना? पाटलांकडं आलात? नुसती मान हलवतोय. अर्धी सकाळ गेली माझी. शेवटी काय म्हणाला माहितीये? 'पुलिना'."

नीराने हातातली माती खाली ठेवली.

"मी म्हटलं, आबा, या गावात पुलिना नावाचं कोणी नाही. पाणमांजर म्हणाल तर एक आहे, आमच्या नीराताई. तर म्हणे, नाही, 'माझी पु-पुलिना'. आणखी काही विचारायला तोंड उघडलं होतं त्यानं, पण मागे ही रांग! मी म्हटलं, आबा, पुढच्या गावात विचारा. गेला बिचारा खालच्या अंगाला."

साळुंकी पुढेही बोलत होती. पुलिनेला ते ऐकू येत नव्हते. तिच्या बापाने, या वयात, अर्धी सकाळ खर्चून, अनोळखी वेशीवर सगळ्यांच्या देखत जे नाव पुरे उच्चारले होते, ते तिने स्वतः अकरा वर्षांत एकदाही उच्चारले नव्हते.

आणि तिला तो जत्रेचा दिवस आठवला. ती लहान नव्हती, सगळे कळण्याच्या वयाची होती. वरच्या डोहाजवळच्या जत्रेत तिचा बाप एका दुकानापाशी उभा राहून काहीतरी मागत होता आणि अडला होता. भोवतीची पोरे त्याची नक्कल करू लागली होती. एका बाईने तिला विचारले, "हे तुझे वडील का गं?" ती काही बोलली नाही. ती पुढे चालत राहिली, गर्दीत मिसळेपर्यंत. त्यानंतर महिनाभरातच तिने घर सोडले. तिचे स्वतःचे शब्दही तेव्हा अडू लागले होते, आणि जो आवाज आपल्या तोंडातून निघू नये असे वाटत होते, तो रोज घरात ऐकणे तिला नको झाले होते.

तिने घरी जाऊन एक गाठोडे बांधले आणि ती खालच्या अंगाला निघाली.

पुढच्या गावाची वेस घोरपडीच्या ताब्यात होती. रांगेत उभी असताना पुलिना मनातल्या मनात आपले नाव घोकत होती. पुलिना, पुलिना, पुलिना. मनात ते एकदाही अडले नाही. मग तिची पाळी आली, घोरपडीने "कोण?" म्हटले, आणि अकरा वर्षांची सवय तिच्या आधी बोलून गेली. "नीरा."

"जा आत," घोरपड म्हणाली.

"आमच्यातला एक म्हातारा इथून गेला का?"

"गेला. निरोप ठेवून गेलाय."

"काय निरोप?"

"तो पुलिनेसाठी आहे. ज्याचा निरोप त्यालाच सांगायचा, नियम आहे. तू नीरा."

"मीच ती. मीच प्…"

ओठ मिटले. घोरपड शांतपणे तिच्याकडे बघत राहिली.

"बाई, आत्ता तर नीरा म्हणालीस. एकदा सांगितलेलं नाव या वेशीवर वर्षभर चालतं. असं दर घटकेला बदलायला लागलं तर मी काय करू?"

यात घोरपडीचे काही चुकले नव्हते, आणि हेच पुलिनेला जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्याच्या पुढच्या वेशीवर पोहोचली. तिथला राखणदार रानकोंबडा होता, चपळ आणि उतावळा. या वेळी तिने नीरा हे नाव दातांखाली दाबून धरले.

"कोण?"

"प्…"

"हं, बोल."

"प्… प्…"

रांगेतून सल्ले येऊ लागले. ते सगळे मनापासून दिलेले होते. एक शेळी म्हणाली, "आधी खोल श्वास घे बघू." ससा म्हणाला, "घाबरतेस कशाला? आम्ही काय खातो का तुला?" एका वानराने सुचवले, "गाऊन बघ. माझा एक चुलतभाऊ गाऊन बोलायचा." पुलिनेने श्वास घेतला, तो आतच अडकला. प्रत्येक सल्ल्यासरशी नाव एक पायरी मागे सरकत होते. तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली.

"पिंगा?" रानकोंबडा म्हणाला. "पवळा? पारी? अगं मान तरी हलव. पद्मा?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"पद्मा! एवढंच होतं? जा आत, पद्मा."

ती आत गेली. निरोपाचे विचारण्यात आता अर्थच नव्हता. त्या गावच्या धर्मशाळेत तिला सगळे पद्माताई म्हणू लागले. वाढायला आलेली खार म्हणाली, "पद्माताई, अजून थोडं घ्या ना." सकाळी निघताना मागून कोणीतरी बराच वेळ "पद्मा, अहो पद्मा" अशा हाका मारत होते. ती वळली नाही. वेशीबाहेर बरेच अंतर गेल्यावर तिच्या ध्यानात आले, की आपले गाठोडे धर्मशाळेतच राहिले आणि ते द्यायलाच त्या हाका होत्या.

ती वाळूत बसली. नीरा होऊन तिने निदान एक घर केले होते. पद्मा होऊन ती भाकरीही गमावून बसली. परत बांधाकडे जावे, असे तिच्या मनात आले. तिथे बिळे असतील, चिकणमाती असेल, कोणी काही विचारणार नाही.

"त-त-तुझं काही हरवलंय का?"

समोर वाळूवर एक टिटवी उभी होती. वयाने पुलिनेहून थोडी मोठी असेल. तिच्या पंखाखाली निरोपाची पाने खोचलेली होती. गावोगाव निरोप पोहोचवणे हा तिचा व्यवसाय होता.

"गाठोडं," पुलिना म्हणाली.

"अगं, मग प-परत जा की. मी येते हवं तर. मला त-त-तिथंच…" टिटवी थांबली. तिची चोच उघडीच राहिली, मानेवरचे पीस थरथरले. पुलिनेला आपोआप दुसरीकडे बघावेसे वाटले. मग शब्द आला, "तिथंच जायचंय." आणि टिटवी पुढे बोलू लागली, जणू मध्ये काही झालेच नव्हते. हवेबद्दल बोलली, रानकोंबड्याच्या तिरसटपणाबद्दल बोलली. दर चार शब्दांनी अडत होती आणि बोलत होती.

पुलिनेला आधी नवल वाटले, मग राग आला. कशाचा ते तिला कळेना.

"तुला लाज नाही वाटत?" तिने विचारले. विचारल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

टिटवीने थोडा विचार केला. "वाटते ना," ती म्हणाली. "वाटत असते आणि मी ब-बोलत असते. लाज संपायची वाट बघत बसले असते, तर एकही निरोप पोचला नसता माझ्याकडून."

"आणि नाव? वेशीवर?"

"न-नाव तर सगळ्यात वाईट. त्याला दुसरा शब्द नाही ना. एकदा तर मी सुरुवात केली तेव्हा राखणदार जेवायला ब-बसला होता. माझं होईपर्यंत त्याचा हात धुऊन झाला."

पुलिना हसली. गेल्या दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती, आणि असल्या गोष्टीवर तर आयुष्यात पहिल्यांदा. मग तिने टिटवीला सगळे सांगितले. साळुंकी, घोरपड, पद्मा, आणि जत्रेचा दिवससुद्धा. सांगताना तिने वाट चुकवली नाही. 'पाणी' अडले तिथे ती अडून राहिली. टिटवी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ना तिने शब्द पुरवला, ना मान हलवून घाई केली. इतका वेळ आपले कोणी ऐकते तेव्हा कसे वाटते, हे पुलिनेला ठाऊक नव्हते. तिला थोडे उघड्यावर आल्यासारखे वाटले आणि थोडे ऊब लागल्यासारखे.

"पुढच्या वेशीनंतर नदीला दोन फाटे फुटतात," टिटवी म्हणाली. "उजवीकडे द-दलदल आहे, डावीकडे खाडी. आणि खाडीच्या वेशीबाहेर ओहोटीच्या ओढीत गेलेला म्हातारा पोहून माघारी येत नाही. त-तुझा बाप कुठल्या फाट्यानं गेला ते फक्त राखणदार सांगेल. आणि तो सांगेल फक्त पुलिनेला."

"आणि नाही निघालं नाव तर?"

"निघेल. क-कधी, ते सांगता येत नाही." टिटवीने पंख झटकले. "अडकतेस तेव्हा तुझे डोळे कुठं असतात?"

"खाली."

"मी राखणदाराकडे बघत राहते. बरं वाटत नाही, पण बघते. आणि आधीच सांगून टाकते, म-मी अडखळते, थांबावं लागेल म्हणून. लपवायचं काही उरलं नाही, की एक काम कमी होतं."

ती रानकोंबड्याच्या गावाकडे उडाली. पुलिनेने वळून एकदा नदीच्या वरच्या अंगाकडे पाहिले आणि ती खाली निघाली.

तिसऱ्या वेशीवर एक रेडा बसला होता. तो रवंथ करत होता. पुलिनेच्या मागे पंधरावीस जण होते आणि ऊन चढत होते.

"कोण?"

"मी अडखळते," पुलिना म्हणाली. हे वाक्य ती या आधी कधीही, कोणाही समोर बोललेली नव्हती. "थोडं थांबावं लागेल."

रेड्याने घास एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "मी कुठं चाललोय?"

तिने सुरुवात केली. ओठ मिटले. मान ताठ झाली. डोळे खाली जाऊ लागले, ते तिने ओढून वर आणले आणि रेड्याच्या काळ्या, ओलसर डोळ्यांवर ठेवले. मागून कोणीतरी "पारिजात का?" म्हणाले. तिने न वळता पंजा वर केला, आणि तो आवाज गप्प झाला. आत नाव उभे होते. या वेळी ती त्याला ढकलत नव्हती, आणि सोडूनही जात नव्हती. रेडा रवंथ करायचा थांबला होता.

"पु… पु… पुलिना."

आकाशातून काही फुले पडली नाहीत. मागचा कोल्हा "झालं का एकदाचं?" असे पुटपुटला. पण अकरा वर्षांनी आपलेच नाव आपल्या कानांनी ऐकल्यावर ती वेशीच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

"पुलिना," रेडा म्हणाला. "तुझ्यासाठी निरोप आहे. बापानं ठेवलाय, काल सकाळी. म्हणाला, 'तुझी आई गेली. मी तुला शोधत निघालोय. मी रागावलेलो नाही.'"

पुलिना भिंतीपासून सुटून रेड्याच्या जवळ आली.

"एवढं सांगायला त्याला बराच वेळ लागला," रेडा म्हणाला. "मी ऐकलं. आधीच्या दोन्ही वेशींवर हेच सांगून आलोय म्हणाला. तिन्ही वाक्यं. मी म्हटलं, आबा, एखादं कमी केलं असतं तर सोपं गेलं असतं. तर म्हणाला, शेवटचं कमी करता येत नाही, आणि पहिली दोन असल्याशिवाय शेवटचं कळत नाही."

"कुठल्या फाट्यानं गेला?"

"डावीकडच्या. तू वर कुठंच नाहीस म्हणाला, खाडीपल्याड एक गाव आहे तिथं बघतो. पळ पोरी. सकाळची ओहोटी अजून सरली नाही."

ती पाण्यात शिरली. आईसाठी रडायला तिला सवड नव्हती. पोहता पोहता ती रडली, आणि नदीने ते तिच्या बरोबरीने खाली नेले. बाप एक दिवस पुढे होता. एका दिवसात कोणीही शेवटची वेस ओलांडून खाडीत पोहोचू शकत होते. तिला हे माहीत होते आणि तरी ती हात मारत राहिली.

शेवटच्या वेशीपाशी ती आली तेव्हा रांग पार वडाच्या झाडापर्यंत तुंबलेली होती. ओझी वाहणारी गाढवे, खेचरे, टोपल्या घेतलेल्या घारी, मोळ्या पाठीवर घेतलेला एक उंट. सगळे ओझ्यासकट उभे होते. आता होईल, आता होईल असे प्रत्येकाला वाटत होते, म्हणून कोणी ओझे उतरवत नव्हते, आणि म्हणून सगळेच चिडले होते.

"काय झालंय पुढं?" तिने एका खेचराला विचारले.

"एक म्हातारा आहे. कालपासून आहे. नावच सांगत नाही. काल दोनदा बाजूला काढला, आज सकाळी परत आला. त्याच्यामुळं आमची ओहोटी चालली!"

पुलिना रांगेच्या कडेने धावत सुटली.

वेशीच्या दगडावर तिचा बाप उभा होता. तो तिला आठवत होता त्याहून बराच लहान दिसत होता. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. त्याचा जबडा अर्धवट उघडा होता, मान एका बाजूला ओढली गेली होती, आणि त्यातून एकच तुटका आवाज येत होता, "क… क… क…" त्याच्यासमोर एका पायावर बगळा उभा होता. बगळ्याच्या मागे वेशीबाहेर खाडीचे पाणी समुद्राकडे ओढ घेत होते. कालपासून दोन ओहोट्या त्याला ओलांडून गेल्या होत्या. एका अक्षराने त्याला इथे धरून ठेवले होते.

"याला ओळखणारं कोणी आहे का इथं?" बगळ्याने वैतागून रांगेकडे पाहून विचारले. "कोणीही सांगा याचं नाव, आणि सोडा मला!"

पुलिनेला नाव माहीत होते. ते तिच्या तोंडात आले. ती पुढे झाली आणि बापाच्या शेजारी, त्याच दगडावर उभी राहिली.

"मी ओळखते," ती म्हणाली. "हे माझे वडील आहेत."

"मग सांग नाव."

"त्यांचं नाव ते सांगतील."

बापाने मान वळवली. त्याने तिला पाहिले. त्याच्या तोंडातला आवाज थांबला, डोळे भरून आले, आणि तो काहीतरी वेगळेच बोलू पाहू लागला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आबा, आधी नाव," ती हळूच म्हणाली. "मी इथंच आहे. कुठं जात नाही."

तो परत बगळ्याकडे वळला. "क… क…" रांगेत कोणी हसले नाही. मुलीसमोर बापाला हसणे जरा अवघड असते. ती सगळ्यांसमोर, ताठ मानेने, त्याच्याकडे बघत उभी होती. हळूहळू बगळ्यानेही दुसरा पाय खाली टेकला.

"क… कदंब."

"कदंब," बगळा म्हणाला, आणि त्याने वेस उघडली. "जा. थोडी ओहोटी उरलीय."

कदंब हलला नाही. त्याने मुलीचा पंजा दोन्ही पंजांत धरला होता. "पु-पुलिना," तो म्हणाला. "मला वाटलं, तू न-नाहीसच."

"होते, आबा. दुसऱ्या नावानं होते."

 त्याला समजले असावे, कारण त्याने त्या नावाबद्दल काही विचारले नाही. "घ-घर कुठं तुझं?"

"चार गावं वर. बांधाजवळ."

"म्हणजे परत सगळ्या व-वेशी?"

"सगळ्या. प्रत्येक ठिकाणी दोघांनीही."

म्हातारा हसला. मिशांसकट, पोटापासून हसला. "प-पोचायला पुढचा उन्हाळा उजाडेल गं!"

"उजाडू दे."

ते दोघे आतल्या बाजूला वळले, तशी बगळ्याने पुलिनेला थांबवले. "याचं झालं. पण तूही दगडावर पाय ठेवलायस. जायचं असो की परतायचं असो, नाव लागतं. तू कोण?"

मघाशी बापाने मारलेली हाक सगळ्यांच्या कानांवर पडली होती. पण नियम म्हणजे नियम, तो तिच्या तोंडून यायला हवा होता. पुलिनेने एकदा बगळ्याकडे पाहिले आणि मग त्या लांबलचक रांगेकडे.

"मी अडखळते," ती मोठ्याने म्हणाली. "थांबावं लागेल."

तिने ओठ मिटले. बाप तिच्या शेजारी उभा होता. वेशीबाहेर खाडीचे पाणी क्षणभर स्थिर झाले आणि मग सावकाश आत, नदीच्या वरच्या अंगाला सरकू लागले.

रांगेत सर्वांत पुढे उभ्या असलेल्या गाढवाने तिच्याकडे पाहिले. मग त्याने गुडघे वाकवले आणि पाठीवरचे पोते जमिनीवर उतरवले. त्याच्या मागच्या खेचराने आपले उतरवले. उंटाने मोळी सोडली, घारींनी टोपल्या टेकवल्या, आणि पार वडाच्या झाडापर्यंत, एकामागून एक, ओझी खाली ठेवल्याचे आवाज होत गेले.